खांबाचं पोट

आमच्या गावातल्या बँकेचे चार खांब बघून परगावचे लोक म्हणतात, काय दगड आहे हो! कसला डोंबलाचा दगड! आत वीट, वर चुन्याचा गिलावा, आणि त्यावर रेघा मारून दगडाचे सांधे दाखवलेत. शंभर वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांना वाटलं, इमारत भारदस्त दिसली की लोक विश्वासाने पैसे ठेवतील. म्हणून रुंद पायऱ्या, उंच खांब, वर त्रिकोणी कपाळपट्टी, सगळा थाट राजवाड्याचा. ती बँक बारा वर्षांत बुडाली. मग तिथे गोदाम झालं, पुढे कचेरी, मग दुसरी बँक आली. खांब मात्र जागचे हलले नाहीत.

मी गवंडीकाम करते. "बाई असून?" असं लोक अजून विचारतात आणि माझं डोकं अजून फिरतं. नवरा गेला तेव्हा मी दोन घरची भांडी घासत होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, चुनाकामातले जाणकार. एक दिवस त्यांनी माझ्या हातात थापी दिली आणि म्हणाले, "सूनबाई, चल." चार वर्षं शिकवलं. मग बँकेच्या खांबांच्या डागडुजीचं काम आलं. मला बांबूच्या परांचीवर चढलेली बघून मॅनेजरने तोंड वाकडं केलं. "काम बिघडलं तर दुसऱ्या दिवशी नवा माणूस आणेन," असं त्याने माझ्यादेखतच मामंजींना बजावलं. म्हणजे मी पुन्हा भांड्यांपाशी.

आणि नेमकी मीच माती खाल्ली.

मामंजी तापाने पडले होते. तिसऱ्या खांबाचा गिलावा सुटत आला होता. खरवडण्याआधी मी पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोरी ताणली, तर खांब मधे दोन बोटं बाहेर! म्हटलं, जुना गवंडी झोपेत काम करत होता की काय? खरवडला आणि दोरीबरहुकूम सरळ करून टाकला. काय तो माझा तोरा! परांची उतरवून रस्त्याच्या पलीकडे गेले आणि वळून बघितलं, तर काय! बाकीचे तिघे धट्टेकट्टे, आणि माझा खांब महिनाभराच्या दुखण्यातून उठल्यासारखा, कंबरेत खंगलेला.

दुसऱ्या दिवशी मामंजी तशा तापात आले. मॅनेजर पायऱ्यांवर उभाच होता. मी म्हटलं, "चूक माझी आहे. यांनी काम पाहिलंही नव्हतं."

"चूक माझी," मामंजी म्हणाले. "सरळ खांब लांबून मधे आत गेल्यासारखा दिसतो. म्हणून त्याला मुद्दाम जरा पोट द्यायचं असतं. माझ्या हाताला ते इतकं सवयीचं, की हिला सांगायला हवं हे सुचलंच नाही."

"ठीक आहे, पण आता मी दुसरा माणूस बघतो."

"दुसराही हाच घोळ घालेल. ही आता जन्मात घालणार नाही. हा खांब हीच करेल. नाहीतर आम्ही दोघं निघालो."

दोघं! घरात दुसरी कमाई नाही, तापाने पाय लटपटतायत, आणि हा माणूस म्हणतो दोघं! मी तोंड फिरवून घमेलं उचललं, कारण डोळे भरले होते. मॅनेजर वरमला. "बरं, बघा," म्हणाला आणि आत गेला.

मी दुसऱ्या खांबाला फळी लावून त्याचा बाक उतरवून घेतला, तसा साचा कापला. तोच साचा पहिल्याला बसला, चौथ्यालाही बसला, तसूभर फरक नाही. त्या जुन्या गवंड्याची मी मनातून माफी मागितली. चुन्याला घाई चालत नाही, एकेक थर सुकू द्यावा लागतो. अठरा दिवस लागले. मामंजी रोज खाली स्टुलावर बसून बघायचे, तोंडातून अवाक्षर नाही. अहो, निदान ओरडा तरी! असा राग यायचा मला.

शेवटच्या दिवशी आम्ही पलीकडे जाऊन उभे राहिलो. चारही खांब एका आईच्या पोटचे दिसत होते. मामंजी म्हणाले, "मी घरी जातो. चौथ्याच्या भेगा राहिल्यात, त्या तू बघ."

"एकटीने? आणि चुकलं तर?"

"तर सुधारशील," ते म्हणाले आणि चालायला लागले.

मी तिथेच उभी राहून बघत होते. ते वळणापर्यंत गेले, पण एकदाही मागे पाहिलं नाही. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या आईनेही टाकला नव्हता.