वीतभर पायरी

"बस, इथंच थांबव मला," ताई म्हणाली आणि तिनं स्वतःच व्हीलचेअरचा ब्रेक ओढला.

फळीमामा थांबले. समुद्रकाठची लाकडी वाट इथं संपत होती. पुढे वीतभर उंचीची एक पायरी आणि पायरीवर दगडी कट्टा. त्या कट्ट्यावरून तिन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसे. माणसं अर्धा तास चालून येत ती खरं तर त्याच्यासाठीच.

वाट तशी अगदी सोपी. ना चढ, ना वळण. एकतीस वर्षं मामा नगरपालिकेचे सुतार म्हणून हातोडी घेऊन तिच्यावरून फिरत होते. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची, डोकं वर काढलेला खिळा ठोकून खाली घालायचा. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. शाळकरी पोरांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना फळीमामाच म्हणत आणि त्यांच्या बायकोला ओघानंच मामी. निवृत्तीला आता चार महिने उरले होते.

ताई त्यांची थोरली बहीण. आईमागं मामांना तिनंच वाढवलं. दुसऱ्या गावच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. "तुझी ती वाट बघायला येईन एकदा," असं ती दर सुट्टीत म्हणायची आणि दर सुट्टीत काहीतरी निघायचं. शेवटी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली तरी पाय काही भार घेईना, तेव्हा मामा तिला घरी घेऊन आले. आज दोन महिन्यांनी ती पहिल्यांदा बाहेर पडली होती, मामीही बरोबर होती. वाटभर तिचं तोंड चालू होतं. "ही फळी नवी दिसतेय." "इथं दोन फळ्यांत फट जास्त आहे रे." मामा प्रत्येक शेऱ्याला मान डोलवत होते. तपासनीस आल्यावर डोलवावी तशी.

"उचलू या का खुर्ची?" मामा म्हणाले. "मी मागून धरतो, ही पुढून धरेल."

"मी काय कपाट आहे?"

मामी खुदकन हसली. "वन्सं, कपाट निदान गप्प तरी बसतं."

ताईही हसली. मग पदर सारखा करत म्हणाली, "राहू दे. इथूनही दिसतोच की समुद्र. इथंच बरं वाटतंय मला."

मामांच्या हातातला थर्मास हातातच राहिला.

हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं. एकदा नव्हे, शेकडो वेळा. दोन कुबड्यांवर चालणारे एक गृहस्थ रोज सकाळी यायचे. घड्याळं दुरुस्त करायचे, मान कायम थोडी एका बाजूला. येऊन या शेवटच्या बाकावर बसायचे. सलग आठ-नऊ वर्षं. "पुढे कट्ट्यावर नाही जात?" मामा येता-जाता विचारायचे. "इथंच बरं वाटतं हो," ते म्हणायचे. मामांना वाटायचं, माणसाला बाक आवडलाय. म्हणून दरवर्षी त्या बाकाला ते आधी रंग द्यायचे. गृहस्थ जाऊन तीन वर्षं झाली होती.

आणि ही पायरी मामांनीच केली होती. तरुणपणी, एका दुपारी, शीळ घालत.

संध्याकाळी मामा पानावरून अर्धपोटी उठले. मामीनं खोदून विचारलं तेव्हा त्यांनी त्या कुबड्यांवाल्या गृहस्थांचं सांगितलं.

"अहो, पण ते कधी बोलले का तसं तुम्हाला?"

"नाही ना बोलले. तेच तर खातंय मला."

दुसऱ्या दिवशी मामा साहेबांपुढं उभे राहिले. पायरीच्या जागी उतार करायचा म्हणाले.

"कुणाची तक्रार आलीय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग आपण उगाच कशाला हात घालायचा? लेखी तक्रार असली की बघता येतं. आणि चार महिन्यांत निघालात तुम्ही मामा, आता आरामात राहा की."

मामा घरी आले आणि ताईपुढं कोरा कागद ठेवला. "तक्रार लिही."

"कुणाविरुद्ध?"

"लाकडी वाटेच्या दुरुस्ती खात्याविरुद्ध."

"त्या खात्यात कोण कोण आहे?"

"मी एकटाच."

ताईनं चष्मा चढवला. "मग सविस्तरच लिहिते," म्हणाली. दोन पानं लिहिली. मोत्यासारखं अक्षर, मुद्द्यांना आकडे, खाली दोन रेघा ओढलेली सही. 'संबंधित कर्मचारी स्वभावाने चांगला असला तरी बालपणापासून अंदाजपंचे काम करतो' हे वाक्य मामांनी साहेबांसमोर मोठ्यानं वाचलं तेव्हा साहेबांना ठसका लागला. त्यांनी सही केली. गोदामात चांगल्या फळ्या पडून होत्या, त्या घ्या म्हणाले.

मामांनी तीन दिवसांत उतार केला आणि ताईला घेऊन गेले. तिनं हातांनी चाकं ढकलली. पुढची चाकं चढली, आणि खुर्चीचा तोल मागं जायला लागला. मामांनी झडप घालून धरली. ताईचा चेहरा पांढरा पडला होता.

"किती लांब केलास हा?"

"पाच विती."

"एका वितीच्या उंचीला पाच? अरे, इथं मागं कोणी नसतं तर उताणी पडले असते मी. बारा पाहिजेत, बारा! मला विचारायचं तरी."

"मला वाटलं, बसेल एवढ्यात."

"वाटलं!" ताई म्हणाली. "नापास. पुन्हा कर."

मामा खाली मान घालून हसले. सातवीत असताना याच आवाजात, याच शब्दांत त्यांची वही परत आली होती. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना हसू आलं नाही. ती पडली असती तर, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

सकाळी त्यांनी सगळा उतार उखडला. या खेपेला दोरी लावली, पाणसळ लावून पातळी पाहिली, मोजून बारा विती घेतल्या. पाय घसरू नये म्हणून फळ्यांवर आडव्या खाचा पाडल्या. कडेला हात धरायला कठडा केला आणि त्याला तळहात फिरवून फिरवून घासलं. हाताला एकही कुसळ लागणार नाही असं. आठ दिवस लागले. एवढं मन लावून मामांनी लग्नातला पलंगही केला नव्हता, असं मामी म्हणाली.

नवव्या दिवशी ऊन कोवळं होतं आणि वारा पडला होता. उताराच्या पायथ्याशी ताईनं बोटं मोकळी केली.

"कोणी हात लावायचा नाही."

ती निघाली. अर्ध्यावर दम लागला म्हणून थांबली. मामा पुढं सरसावले, तशी मामीनं त्यांची बाही पकडली. ताईनं कठडा धरला, चार श्वास घेतले आणि पुन्हा चाकं ढकलली. मग चाकांचा लाकडावरचा आवाज बदलला. ती दगडावर पोचली होती.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. कट्ट्याच्या पार टोकाला गेली, ब्रेक लावला आणि बसली. खाली पाण्यावर कुरव पक्ष्यांचा थवा उतरत होता. ताई कधी डावीकडं बघे, कधी उजवीकडं, कधी नुसतीच समोर.

"शाल देऊन येऊ का?" बऱ्याच वेळानं मामी म्हणाली. "गार लागेल त्यांना."

"थांब जरा. बसू दे तिला."

दोघं उताराच्या तोंडाशी उभी राहिली. तेवढ्यात मागून एक तरुण बाई बाळाची गाडी ढकलत आली. कानाशी फोन, दुसऱ्या टोकाला बहुधा तिची आई असावी. "नाही गं, काल रात्री चांगला झोपला. हो, ताप उतरलाय. अगं, दूधही प्यायला…"

मामा घाईनं बाजूला झाले. बाई एका हातानं गाडी ढकलत उतारावरून वर गेली, कट्ट्यावर पोचली, तशीच पुढं चालत राहिली. तिचं बोलणं मध्ये कुठंही तुटलं नाही.