प्लास्टिकमध्ये कोंडलेली पदवी

मित्रांनो, मी संध्याताईंची जुनी पदवी, रसायनशास्त्राची. मुंबई विद्यापीठातून आले तेव्हा कोरी करकरीत होते. ताईंच्या नवऱ्यानं, जगन्नाथरावांनी, कौतुकानं मला लॅमिनेट करून आणलं. "आता शंभर वर्षं बघायला नको!" काही कौतुकं अशी गळा आवळतात.

दुबईत ताईंनी एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासलं. व्हिसावर मात्र हुद्दा 'क्लार्क'! पदवी साक्षांकित करायचा खटाटोप नको म्हणून कंपनीनं तसं लिहिलं आणि ताईंनी मुकाट सही केली. मी शेजारच्या शारजाला, अल नहदा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, कपाटात पडून.

या नोव्हेंबरात कंपनीनं प्रयोगशाळा बंद करायचं ठरवलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि लेकीची, अंतराची, बारावी अर्ध्यावर. आता कुशल माणसांना मालकाशिवाय, स्वतःच्या नावावर निवास परवाना मिळतो. सुधारणा चांगलीच आहे. पण तिथं क्लार्क कुशल नाही; कुशल ठरायला शिक्के मारलेली, साक्षांकित पदवी हवी.

ताईंनी मला सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरात नेलं. तिथल्या शौकतभाईंनी मला उलटसुलट केलं. "मॅडम, ये तो मेन्यू कार्ड हो गया! प्लास्टिक पे ठप्पा कैसे लगेगा?"

घरी जगन्नाथरावांनी प्लास्टिक सोडवायला इस्त्री तापवली. "बाबा, स्लोली! यू आर कुकिंग इट!" अंतरा ओरडली. प्लास्टिक निघालं, पण माझा शिक्का घेऊनच. मी खलास.

"माझंच चुकलं," जगन्नाथराव पुटपुटले.

"प्लास्टिक तुमचं, सही माझी," ताई म्हणाल्या. "रडायचं नंतर. मुंबईचं तिकीट काढा."

विद्यापीठात त्या अकरा दिवस ठाण मांडून बसल्या. माझी दुसरी प्रत मिळवली, तिच्यावर सगळे शिक्के घेतले. परतल्या त्या थेट मॅनेजरसमोर. "मी खरं काय काम केलं ते लिहून द्या. यल्ला, चला लवकर, मी बसलेय." दुपारी पत्र हातात पडलं. प्रयोगशाळेला कुलूप लागायच्या चार दिवस आधी परवाना आला. अंतराची शाळा टिकली.

मी आता रद्दी. त्याचं दुःख नाही, राग मात्र आहे. एकोणीस वर्षं या बाईच्या तपासणीवर भरवसा ठेवून लोक पाणी प्याले, तरी नियमाला मीच हवी होते! नियम करणाऱ्यांनो, दार उघडलंत, आता कागदाबरोबर केलेलं कामही मोजा. आणि मुलांनो, मोठे झालात की नोकरीच्या पहिल्याच दिवशी आपला हुद्दा वाचा. खोटा असेल तर पेन खाली ठेवा आणि खरा लिहून घ्या.