आवाजाचा सोर्स

आंधळ्या बाबांसाठी दादाने कॉम्प्युटरची सगळी सिस्टिम स्वतः बांधली होती. एकेका प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, इंटरनेटवरून उतरवायचा, कम्पाइल करून चालण्याजोगा करायचा आणि जागेवर बसवायचा, हे त्याची स्क्रिप्ट आपोआप करायची. पडद्यावरचं बाबांना वाचून दाखवणारा आवाजही त्यातलाच एक प्रोग्राम. दादा गेला आणि वर्षभरात डिस्कनेही मान टाकली, तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीने नव्या डिस्कवर तीच स्क्रिप्ट चालवली. बाकी सारं सुरळीत झालं, पण आवाजापाशी येऊन गाडं अडलं. तो सोर्स जिथून यायचा, ती साइटच बंद पडली होती. तिने दादाच्या मित्रांना विचारलं, त्याच्या जुन्या सीडी पालथ्या घातल्या. हाती काही लागलं नाही. शेवटी मन घट्ट करून तिने दुसराच आवाज बसवला.

दोन ओळी ऐकून बाबांनी विचारलं, "हा कोण बोलतोय गं?"

"बाबा, तो जुना आता कुठेच मिळत नाही. होईल याचीही सवय."

"होईल ना. तुझा दादा नसण्याचीसुद्धा होतेच आहे," बाबा म्हणाले. "बंद कर ते."

तिने मशीन बंद केलं. बाबा खुर्चीतून उठले नाहीत.