मला सुई समजले तेव्हा

मित्रांनो, शेवगाव रस्त्यालगतच्या एका शाळेत लोखंडी कपाटावर एक काळी गुंडाळी धूळ खात पडली आहे. ती मी. गुंडाळफळा म्हणतात मला. भिंतीवरच्या फळ्याचा मी धाकटा भाऊ. तो जन्मभर एका जागी उभा, आणि मला काखोटीला मारून कुठेही न्यावे.

नगरच्या बाजारात एका सुताराने माझ्या दोन्ही टोकांना दांड्या ठोकल्या. तेव्हा मी इतका लांब होतो की माझे एक टोक दुकानात आणि दुसरे नेवाशाला नदीकाठी वाळत होते. खोटे वाटते? वाटू द्या. पुढचे मात्र अक्षरन्‌अक्षर खरे आहे.

१९९३ साली मला प्रज्ञाने विकत घेतले. ती डी.एड. करत होती, म्हणजे मास्तरीण व्हायचे शिक्षण घेत होती. चार आठवडे या शाळेत पहिलीच्या चांगुणाबाईंच्या हाताखाली काम करायचे आणि शेवटच्या शनिवारी एकटीने पाठ घ्यायचा, असा तिला हुकूम होता. पाठ बघायला कॉलेजचे सर येणार होते. त्यांनी आधीच बजावले होते, "वर्गात 'पानी' म्हणालात की पाच गुण गेले. आणि मुलं बोलली नाहीत तर पाठच नापास. मग वर्ष पुन्हा करायचं."

प्रज्ञा पलीकडच्याच एका खेड्यातली. तिच्या घरी सगळे 'पानी'च पीत. म्हणून ती शाळेत रेडिओसारखी बोलू लागली. "मुलांनो, आपापल्या पाट्या स्वच्छ करा पाहू." मुले तिच्याकडे बघत आणि भिंतीला सरकत. नखे बघायला तिने हात पुढे केला की सगळे हात पाठीमागे जात.

कारण मला मुलांच्या कुजबुजीतून कळले होते. महिन्यापूर्वी दवाखान्याची एक बाई टोचायला आली होती. पांढरी साडी, गोड पुस्तकी बोलणे आणि हातात पिशवी. प्रज्ञाच्या कॉलेजचा गणवेशही पांढरी साडीच. आणि कोपऱ्यात पांढऱ्या रेक्झिनच्या लांबड्या पिशवीत उभा होतो मी!

शुभांगी नावाची पोरगी शेजारच्या सम्राटच्या कानात म्हणाली, "त्यात सुई हाय. लई मोठी."

"येवढी? ती तर म्हशीची असंल!"

"आरं, आख्ख्या वर्गाला एकच हाय ती."

मी मोठमोठ्या थापा मारल्या आहेत, पण इतकी मोठी थाप मलाही कधी सुचली नव्हती. हसावे की रडावे कळेना. मला तोंड असते तर ओरडलो असतो, पोरांनो, मी फळा आहे रे! पण मी पिशवीत, आणि पिशवीला नाडी.

दुपारी चांगुणाबाई जेवायला घरी जात. मुले लिंबाखाली गोल करून बसत. प्रज्ञा डबा घेऊन जवळ गेली की तो गोल हळूच दुसऱ्या झाडाखाली सरके. मग ती वर्गात माझ्याशेजारी येऊन जेवी. शाळा सुटून मुले गेली की मला खिळ्याला टांगी, 'पाणी, बाण, वीणा' लिही आणि रिकाम्या वर्गाला शिकवी. चार आठवडे मी तिचा एकुलता एक विद्यार्थी होतो. एकदा म्हणाली, "तू तरी बोल की रे." तो आवाज रेडिओचा नव्हता.

शेवटचा शनिवार उजाडला. सर मागच्या बाकावर वही उघडून बसले. प्रज्ञाने पिशवीची नाडी सोडली. शुभांगीने दोन्ही दंड परकरात लपवले. सम्राट खिडकीकडे सरकला.

प्रज्ञाने घाईघाईत मला टांगले, आणि माझी दांडी खिळ्यावरून निसटली. मी मुद्दाम पडलो असे मी सगळ्यांना सांगतो. तुम्हीही तसेच सांगा. पडलो तो थेट तिच्या पायाच्या अंगठ्यावर.

"अगं आय आय गं! पार चेचला की माझा आंगठा! लई लागलं!"

मग शुभांगी उठली. "बाई, तुमी आमच्यावानीच बोलता?"

"व्हय गं बाई."

"मंग सुई?"

"कसली सुई? फळा हाय हा!"

सगळा वर्ग खदाखदा हसला. सम्राट दाराकडे पळत म्हणाला, "बाई, पानी आनू का?"

"आन, बाबा, आन."

सरांची पेन्सिल चालली. पाच गुण गेले. प्रज्ञाने पाणी पिऊन माझ्यावर ठसठशीत 'पाणी' लिहिले. "आपण म्हणतो पानी, लिहितो पाणी. जीभ वळवा बघू मागं." चाळीस जिभा वळल्या. असा ण्‌ण्‌ण्‌चा गजर झाला की वाटेवरची बैलगाडी थांबली. सरांनाही हसू आवरेना. पाठ पास झाला.

शाळा सुटली तेव्हा मुलांनी तिला गराडा घातला. "बाई, सोमवारी मला शेजारी बसवा!" "न्हाई, मला!"

"सोमवारी मी न्हाई. माझे दिवस सरले. नगरला जायचंय."

शुभांगीने तिचा पदर धरला. "मंग इतके दिस का न्हाई बोल्ल्या आमच्यासंगं?"

प्रज्ञाने मला वर्गाला देऊन टाकले आणि लंगडत एस.टी.कडे गेली. सोमवारी मुले तरीही फाटकाशी उभी होती. मी खिळ्यावरून पाहिले.

पुढे ती कुठेतरी बाई झाली, असे चांगुणाबाई म्हणत. माझे कापड तडकले, खडू उमटेना, आणि मी कपाटावर गेलो.

मित्रांनो, माझी धूळ झटका किंवा झटकू नका. पण तुमच्या शाळेत कुणी नवखे माणूस एकटे डबा खात बसले, तर जवळ जा, आणि तुम्हाला येते त्या बोलीत 'जेवलात का' म्हणून विचारा. त्याचा अंगठा चेचायची वाट बघू नका. दर वेळी पडायला मी तिथे असेनच असे नाही.