एकोणिसाचे चार

अकरा वर्षं वॉर्डात काढून पाठ गेली, तेव्हा तिला हॉस्पिटलच्या आकडेवारी विभागात बसवलं. तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. ती आली तेव्हा एकाच अहवालाच्या सात फायली होत्या: 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरंच अंतिम'. तिने सगळ्या मोडीत काढून एकच सामायिक फाइल ठेवली. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद तिच्यात आपोआप व्हायची. बदलणाऱ्याने फक्त कारण लिहायचं.

त्या दिवशी बैठकीत साहेबांनी तिचा अहवाल पडद्यावर लावला. तीन महिन्यांत खाटेवरून पडलेले रुग्ण.

"सात नंबरच्या वॉर्डात फक्त चार? छान. मग तिथली एक नर्स दुसरीकडे देऊ."

सिस्टरची कानशिलं तापली. तिने स्वतः एकोणीस मोजले होते.

टेबलाशी येऊन तिने फाइलचा इतिहास उघडला. मंगळवारी दुपारी पंधरा ओळी उडाल्या होत्या. कारण: 'किरकोळ दुरुस्ती'. नाव मेट्रनचं. ज्यांनी तिला सलाइन लावायला शिकवलं, त्या मेट्रनचं.

ती तडक त्यांच्या खोलीत शिरली. "पंधरा माणसं पडली, ती किरकोळ?"

मेट्रननी आधी दार लावलं. "ओरडू नकोस. कुणाला फारसं लागलं नव्हतं. उगाच माझ्या पोरींवर खापर फुटलं असतं."

"ताई, दोन पोरी तीस खाटा सांभाळतात! त्या एकोणीसच्या जोरावर मी तिसरी मागणार होते. तुम्ही होती तीही घालवलीत!"

"मला आधी सांगायचंस तरी."

"तुम्ही मला विचारलंत?"

मेट्रननी पोरींसाठीच हे केलं होतं, हे तिला कळत होतं. त्यानेच तिच्या अंगाचा आणखी तिळपापड झाला.

तिने सोमवारची प्रत परत आणली. कारणाच्या जागी लिहिलं, 'काढलेल्या पंधरा नोंदी परत घेतल्या. ही माणसं पडली होती.' आणि सगळा इतिहास साहेबांना पाठवला.

"घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला आणता?" साहेब कुरकुरले. पण नर्स हलवली नाही. तिसरी मात्र मिळाली नाहीच.

आठवडाभर तोंड फिरवून मेट्रननी तिला जिन्यात गाठलं. "माझं नाव साहेबांपर्यंत न्यायची काय गरज होती?"

"ते मी नाही लिहिलं, ताई. तुम्ही ओळी खोडल्यात तेव्हाच ते लिहिलं गेलं," ती म्हणाली आणि दुखऱ्या पाठीची पर्वा न करता दणादणा पायऱ्या उतरून गेली.