वासरू ओढणाऱ्या दोराची तक्रार

मी वासरू ओढायचा दोर बोलतोय, आणि मला तक्रार करायची आहे.

गाय अडली, वासराचे पुढचे पाय दिसले पण डोकं येईना, की माझे फास त्या पायांत अडकवतात आणि दोन माणसं मला ओढतात. दोर मजबूत आहे, असं सगळे म्हणतात. माझ्यावर ही वेळ येतेच का, हे मात्र कोणी विचारत नाही. मीच सांगतो. या गोठ्यात वळू चुकीचा निवडला होता.

न्युरेम्बर्गपासून तासाभरावर योर्गचा गोठा आहे. मांसासाठी पाळलेल्या चाळीस तांबूस-पिवळ्या गाई. त्याने मला दुकानातून आणलं तेव्हा मी पांढराशुभ्र सुती दोर होतो. पहिल्या तीन वर्षांत मी एकदाच लागलो.

मग कैसर आला. तेराशे किलोंचा वळू, प्रदर्शनात पहिल्या नंबरची फीत मिळवलेला. शेजाऱ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले. माणसांना वळूची रुंद छाती दिसते. तसलीच छाती उद्या एखाद्या कालवडीच्या अरुंद कमरेतून बाहेर यायची आहे, हे दिसत नाही.

दोन हिवाळ्यांत मला चौदा वेळा ओढलं. चौदाव्या वेळी वासरू मेलेलं आलं. बावन्न किलोंचं होतं. त्याची आई दोन दिवस उठली नाही.

ते वासरू ओढलं त्याच सकाळी योर्गची बायको क्षितिजा मला जंतू मारायला स्वयंपाकघरात उकळत होती. ती फलटणची. गार्चिंगच्या विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएचडी करताना वासरांच्या नोंदी घ्यायला इथे यायची, आणि येता येता या घरची सून झाली. टेबलाशी तिचे वडील विष्णू बसले होते, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, दोन महिन्यांसाठी लेकीकडे आलेले. गोमांसाला ते शिवत नाहीत, पण त्या सकाळी गाय अडल्यावर बाह्या सारून सगळ्यांत आधी तेच पुढे झाले होते.

समोर वळूंच्या लिलावाचा कॅटलॉग पडला होता. मे महिन्यात अकरा कालवडी नव्या वळूकडे जाणार होत्या, आणि वळू याच आठवड्यात ठरायचा होता.

योर्गने सात नंबरवर बोट ठेवलं. "काय खांदे आहेत बघा! कपाट आहे कपाट!"

क्षितिजाने ते मराठीत सांगितलं. बाबांनी चष्मा चढवला. "क्षितू, हा शेवटचा रकाना कसला गं?"

"विण्याचा. शंभर म्हणजे सरासरी. वर असेल तर वासरू सहज येतं, खाली असेल तर अडतं."

"या कपाटाचा सत्त्याऐंशी आहे. कैसरचा किती होता?"

ती चमच्याने मला पाण्यात दाबत राहिली. "चौऱ्याऐंशी."

"हे तुला आज कळलं?"

"नाही. घेतला तेव्हाच पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"नवीन होते हो, बाबा. लग्नाला चार महिने झाले होते. लगेच त्यांच्या गोठ्यात कुठे नाक खुपसू?"

"अगं, इथे तुला डोक्यावर पदर घ्यायला कोणी सांगितलं होतं? नवरा रोज भांडी घासतो तुझा!"

योर्गला मराठी येत नाही, पण विषय आपला आहे हे त्याला कळलं. "काय झालं?"

तिने शेगडी बंद केली आणि त्याला जर्मनमध्ये सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा भडकणार. त्याने सात नंबरवरचं बोट उचललं.

"मी तेव्हा ऐकलं असतं की नाही, माहीत नाही," तो म्हणाला. "पण तू सांगायला हवं होतंस."

"गेनाऊ!" बाबा म्हणाले. योर्ग काय बोलला ते त्यांना कळलं नव्हतं. 'अगदी बरोबर' या अर्थाचा हा एकच जर्मन शब्द त्यांना येत होता.

योर्गने पेन्सिल तिच्याकडे सरकवली. तिने एकतीस नंबरला गोल केला. मध्यम बांध्याचा, फीत नसलेला वळू. वाढ चांगली, आणि शेवटच्या रकान्यात एकशे चौदा.

"शेजारी हसतील," योर्ग कुरकुरला.

"हसू देत. गाय अडल्यावर ओढायला ते येतात का?"

या हिवाळ्यात दहा कालवडी आपल्या आपण व्यायल्या. अकरावी काल सकाळी आडवी झाली. पाय दिसले, पण अर्धा तास पुढे काही सरकेना. योर्ग घाबरला. त्याने मला उचललं, फास मोकळे केले.

"योर्ग, थांब!" क्षितिजा इतक्या जोरात ओरडली की अख्खा गोठा वळून बघायला लागला. "मी हात घालून पाहिलंय. पाय सरळ आहेत, नाक पुढे आहे. तिला वेळ दे. ठेव तो दोर!"

त्याने मला ठेवलं. वीस मिनिटांनी छत्तीस किलोंचं वासरू पेंढ्यावर घसरलं, शिंकलं आणि आईने त्याला चाटायला घेतलं.

वळू निवडणाऱ्यांनो, फोटो खुशाल काढा, पण शेवटचा रकाना वाचा. आणि ज्यांना तो वाचता येतो, त्यांनी पाहुण्यासारखं गप्प बसू नका. माझे धागे आता सुटायला लागलेत. मला उद्या कुंपणाचं फाटक बांधायला घेतलंत, तर माझी काही तक्रार नाही.