देवीपुढची जवारी

पिशवीची गाठ नखांनी सोडवून द्वारकाबाईंनी ओंजळभर जवारी वर काढली आणि आधी कपाळाला लावली. दाण्यांवर गुलाबी झाक होती. ओंजळीतली पूड बोटांना लागत होती.

"कुंकू लागलंय त्याला," मागून गोकुळ म्हणाला. "देवीपुढची हाय. पुजाऱ्याला मागून आणली तुझ्यासाठी."

त्यांनी वळून पाहिलं. उन्हं वर यायच्या आत उठलेला आपला लेक त्यांनी कैक वर्षांत पाहिला नव्हता. गाडीला टेकून तो चौकाच्या कडेला उभा होता.

"तू आणलीस? माझ्या पाखरांसाठी?"

"मंग? रोज उठून भांडायचं का तुझ्याशी? आजच्या दिवशी तरी नको."

आज संध्याकाळी त्याच्या शांतिशिल्पाचं अनावरण होतं. चौकाच्या मधोमध, काळ्या ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर, दोन उघडे हात आणि त्यांतून उडू पाहणारं एक पांढरं कबूतर. सुशोभीकरण समितीचा अध्यक्ष म्हणून गोकुळनं ते उभं करवून घेतलं होतं. निवडणूक तोंडावर होती. पण शिल्प उभं राहिल्यापासून खरी कबुतरं त्याच्यावरच येऊन बसत आणि काळा चौथरा पांढरा करून ठेवत. गोकुळनं जाळी लावली, फटाके वाजवले. शेवटी आईला म्हणाला, दाणा बंद कर. द्वारकाबाई हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "पाखरांनी दाणा टिपल्याबिगर मी पाणी पीत नाय. तुझे वडील गेले तवापासूनचा नेम हाय. तेवढं सोडून काय बी सांग."

आणि आज त्यानं स्वतः पिशवी आणली होती.

"एक मूठ तुझ्या हातची टाक की," त्या म्हणाल्या.

"नको. नेम तुझा हाय." तो गाडीत बसला, काच खाली केली. "आन् आई, झालं की हात धू. साबणानं. चांगले."

त्यांना हसू आलं. लहानपणी याचे हात धुवायला त्याच्यामागं अंगणभर पळून त्याला धरावं लागायचं. आता तो आईचे हात बघतो. त्यांनी दाणे उधळले. पंखांचा एकच फडफडाट झाला, सगळा थवा चौथऱ्यावरून खाली उतरला. पाखरं टिपत राहिली तोवर त्या हात जोडून उभ्या होत्या. मग घरी जाऊन त्यांनी उरलेल्या दाण्यांची पिशवी कोनाड्यात ठेवली, साबणानं हात धुतले, पाणी प्यायल्या आणि कधी नव्हे ते अर्धी भाकरी जास्तीची खाल्ली.

"आज लई खुशीत," सून तनुजा म्हणाली.

"गोकुळ सुधारला गं," त्या म्हणाल्या.

देवपूजा आटोपून चौकातली फुलांची सजावट बघायला त्या बाहेर पडल्या, तेव्हा घंटागाडी चौथऱ्याजवळ उभी होती. झाडलोट करणारी आशाबाई हातात रबरी मोजे घालून खाली वाकत होती. वाकायची, उचलायची, पोत्यात टाकायची.

"मावशी, नका येऊ इकडं."

पण त्या पोचल्या होत्या. झेंडूच्या माळांखाली, रांगोळीच्या कडेनं, दुभाजकाच्या मातीत सगळीकडं पाखरं पडली होती. माना वळलेल्या. चोचीत कुठं कुठं दाणा तसाच होता.

"काय झालं गं यांना?"

"रोग म्हणं." आशाबाईनं पोत्याचं तोंड पिळलं. "गोकुळसायबांनी कालच सांगून ठेवलं व्हतं, उद्या चार पोती जास्तीची आण म्हणून. मला वाटलं फुलांचा कचरा आसंल."

एक कबूतर अजून धडपडत होतं. द्वारकाबाईंनी खाली बसून त्याला मांडीवर घेतलं, आशाबाईच्या बाटलीतलं पाणी बोटानं चोचीला लावलं. त्यानं चोच उघडली, मिटली, आणि त्याचं अंग जड झालं. पाखरू पोत्यात गेलं. मग त्यांनी आपला तळवा पाहिला. साबणानं धुतला होता, तरी रेषांमधून गुलाबी रंग हटला नव्हता. कुंकू तर पाण्याला जातं.

वैजापूरच्या रानात पेरणीच्या दिवसांत हा रंग त्यांच्या हातावर कितीदा बसला होता. रानाचे मालक काकासाहेब बियाण्याला किडीचं विषारी औषध चोळून द्यायचे आणि दरवेळी बजावायचे, हात साबणानं धुतल्याबिगर लेकराला घास भरवू नका. बांधावर झोळीतलं लेकरू भुकेनं रडायचं. त्या हात घासघासून धुवायच्या आणि मगच गोकुळच्या तोंडात घास घालायच्या. देवीचं नाव ऐकलं आणि तोच रंग आज त्यांनी कपाळाला लावला होता.

दुपारी गोकुळ घरी आला तो घाईतच.

"आई, चांगलं पातळ नेस. पाहुणे तुझा सत्कार करणार आहेत."

"पाखरं मेली रे."

"कळलं मला. साथ आलीय, शहरभर हाय." तो मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला. "जेवलीस ना? मंग झालं. आता रडून तोंड सुजवू नको, फोटो निघायचेत."

त्या उठल्या. पातळ नेसल्या, कपाळ पुसून दुसरं गंध लावलं. निघताना कोनाड्यातली पिशवी उचलली आणि पदराखाली धरली.

चौथरा धुऊन चकचकीत झाला होता. पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड घसरलं, टाळ्या पडल्या. पांढऱ्या कबुतरावर एक डाग नव्हता. गोकुळनं माईक हातात घेतला.

"लोक विचारतात, ही कल्पना सुचली कशी? समोर बसलीय ती माझी आई. पाखरांच्या आधी ती कधी पाणी पीत नाही. अहिंसा म्हणजे काय, ते मी पुस्तकात नाही वाचलं. हिच्या हातांकडं बघून शिकलो."

पुन्हा टाळ्या पडल्या. बायकांनी मान वळवून पाहिलं. द्वारकाबाईंचे हात पदराखाली होते. एका हातानं पिशवी धरलेली, दुसरा मनगटापर्यंत पिशवीत.

"आता माऊलीनं लेकाचं तोंड गोड करावं," पाहुणे म्हणाले.

तनुजानं पेढ्यांचं ताट पुढं केलं. द्वारकाबाई उठल्या, पिशवी खुर्चीत ठेवली आणि चौथऱ्याच्या पायऱ्या चढल्या. पांढऱ्या खव्याचा एक पेढा उचलून त्यांनी गोकुळच्या तोंडापाशी नेला.

गोकुळनं हसत तोंड उघडलं आणि मिटलं. पेढ्यावर बोटांचे गुलाबी ठसे उमटले होते. त्याची नजर खाली खुर्चीतल्या पिशवीवर गेली.

"आई," ओठ न हलवता तो म्हणाला, "हात धुतले नाहीस?"

"कामून धुवू? देवीचं कुंकू हाय ना रे. तूच आणलंस."

त्याच्या कपाळावर घाम आला. पाहुणे हसत उभे होते. समोर मोबाइल वर झाले होते.

"सायेब, तोंड उघडा की जरा," फोटोवाला ओरडला. "आईंनी हात किती येळ धरायचा?"

द्वारकाबाईंचा हात हलला नाही.